पाच पिशव्या, एक वाघ

"एकच आहे," स्नेहा म्हणाली आणि तिने लॅपटॉपचा पडदा डेअरीत जमलेल्या माणसांकडे वळवला. "पाचही पिशव्यांत एकाच बिबट्याची विष्ठा आहे."

पडद्यावर नेमकं काय बघायचं ते कुणाला कळलं नाही, तरी सगळे आळीपाळीने वाकून बघून आले. पारगावच्या बाजूच्या उसात बिबट्या शिरला होता, पण इथे त्याला बिबट्या कोण म्हणतंय! वाघच तो. वनखात्याचा एक पिंजरा उद्या मोकळा होणार होता आणि तो कुठल्या वस्तीवर लावायचा हे स्नेहाच्या अहवालावर ठरणार होतं. म्हणून तर तिने वस्तीवस्तीवर पिशव्या वाटल्या होत्या. विष्ठा दिसली की भरून ठेवा, पुण्याच्या प्रयोगशाळेत तिच्यातून डीएनए काढू, मग कम्प्युटर सांगेल कुठल्या वस्तीवर कुठला वाघ येतो ते.

कम्प्युटर सांगत होता. बिचारा एकच एक सांगत होता. एका नमुन्याच्या खुणा दुसऱ्याशी ताडून बघायच्या, सारखे असतील ते एका जागी लावायचे, वेगळे असतील ते लांब ठेवायचे, एवढंच त्या प्रोग्रॅमचं काम. त्याने पाचही एकाच जागी नेऊन लावले. पहिल्यांदा स्नेहाला वाटलं, नळ्यांची अदलाबदल आपल्याच हातून झाली. प्रयोगशाळेतल्या साहेबांची बोलणी खाऊन तिने सगळं पहिल्यापासून केलं. उत्तर तेच. आता तिला झोप हवी होती, आणि ती मिळणार नाही हेही ठाऊक होतं.

"येकच वाघ पाच वस्त्या फिरत नसंल व्हय, म्याडम?" डेअरी चालवणारा चांगदेव म्हणाला.

"फिरतो की, भाऊ. पण पाचही पिशव्यांत तेच काळे केस, तेच हाडाचे तुकडे. त्याने एकदाच खाल्लं आणि पाच ठिकाणी थोडं थोडं ठेवून आला का?" तिला चिडायचंही त्राण नव्हतं. "एकच विष्ठा तुम्ही वाटून घेतलीत. खरं ना?"

 पिशव्या देणाऱ्या पाचांतल्या बहिरूला हसू फुटलं, आणि त्याच्यामागून सगळेच हसले.

"काय करनार राव," बहिरू म्हणाला, "आमाला घावलीच न्हाई. मोकळी पिशवी दिली तर पिंजरा दुसऱ्याच्या दारात जायचा. आमच्या घरी बी पोरं हायेत."

"बरं. मग मूळची कुणाच्या वस्तीवरची? तेवढं खरं सांगा. पिंजरा तिथे लावू."

हे विचारायला नको होतं. मघाशी दात काढणारी माणसं क्षणात एकमेकांवर धावली. बहिरू म्हणाला, माझ्या बांधावरची. गेणभाऊने ओझरच्या गणपतीची शपथ घेतली. सोपानने पोराच्या डोक्यावर हात ठेवायची तयारी दाखवली, पोरगं घरी होतं म्हणून बरं. चांगदेव तर विहिरीजवळची जागा दाखवायला चला म्हणून उठलाच. गाईचं शेण उचलायचं म्हटलं की ज्यांची कंबर धरते, ती माणसं वाघाच्या शेणावर मालकी सांगत होती.

स्नेहाने डोळे मिटून घेतले. तिला राग येत नव्हता. प्रत्येकाच्या दाराशी ऊस होता, प्रत्येकाचं भय खरं होतं. त्यातून एक वस्ती निवडून दे, असं ती कुठल्या प्रोग्रॅमला सांगणार?

डोळे उघडले तेव्हा तिला दाराशी टेकून बसलेली साळुबाई दिसली. दूध घालून झालं होतं, रिकामी किटली मांडीवर होती. ओढ्यापलीकडे तिचं एकटंच घर. मुलगा आणि सून भोसरीला कंपनीत, इथे ती आणि नात. तिची पिशवी आलीच नव्हती, म्हणून स्नेहाच्या कम्प्युटरमध्ये तिचं घरही नव्हतं.

"आजी, तुमच्याकडे नाही का येत वाघ?" स्नेहाने आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"येतो की. गोठ्यामागं बसून ऱ्हातो. काळी कालवड त्यानंच नेली." साळुबाई साध्या आवाजात म्हणाली. "कुडाला भोसकं पडलंय, आन् ते बुजवाया मानूस न्हाई. म्हनून आरोहीला दाण्याच्या रिकाम्या कनगीत निजवते. वर झाकण ठेवते आन् झाकणावर मी बसते."

भांडण थांबलं. गेणभाऊ छताकडे बघू लागला.

"अहो, मग तुम्ही पिशवी का नाही भरलीत?"

"भरली व्हती, बाय. सगळ्यात आधी मीच भरली." साळुबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. दिवस कलला होता, तिला ओढा ओलांडून जायचं होतं. "मग ह्यो आला, त्यो आला. इरजण मागाया येत्यात तसं. दारात आलेल्याला न्हाई कसं म्हनू? शेवटाला चांगदेव आला, त्याला पिशवी झटकून दिली. माझ्यापुरतं उरलंच न्हाई."