मांडीची कातडी

सालेकशाच्या दुधरामच्या अंडकोशावरची कातडी संसर्गानं सडली होती. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टर चेतना मॅडमनी मांडीची कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट वळवून तिथं बसवली. ती छान धरली. तरी घरी जायच्या दिवशी दुधरामचं तोंड उतरलेलंच होतं. त्यानं बायकोला, धनवंताला, चहा आणायला पाठवलं आणि चादरीकडे बघत विचारलं, "मॅडम, आता घरी... पहिलेसारखं राहीन ना जी मी?"

मॅडमना प्रश्न कळला. "फक्त कातडी गेली होती, दुधरामभाऊ. बाकी सगळं शाबूत आहे. सहा आठवडे दम धरा."

दवाखान्यातल्या बारा दिवसांत दुधरामनं पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. "मंग हे धनवंताले तुमीच सांगजा जी. काळजीनं सुकून राहिली बिचारी, पन मले काही विचारत नाही."

मॅडम हसू दाबत फाईल लिहू लागल्या. तेवढ्यात धनवंता चहा घेऊन आली. नवऱ्याचा उजळलेला चेहरा तिनं पाहिला.

"विचारलं वाटते एकदाचं," ती म्हणाली. "मी त परवाच विचारून घेतलं. तुमाले कवा हिंमत होते, तेच पाहून राहिली होती."