चिखल न उडवणारे टायर

"यातला चिखल न उडवणारा टायर कुठला?" खरेदी अधिकाऱ्यांनी विचारलं.

दुकानदाराने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. चिखलात चालणाऱ्या गाड्या विकण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. गिऱ्हाइकं टायर किती टिकेल हे विचारत, भावासाठी घासाघीस करत. हा प्रश्न मात्र नवा होता.

साहेबांबरोबर आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या होत्या. दलदलीपलीकडच्या वस्त्यांमधून पेशंट आणायला आरोग्य मंडळाने एटीव्ही मंजूर केली होती. चार जाड चाकांची मोटरसायकल म्हणा ना. चालवणार नर्सबाई, पण निवडणार अर्थातच साहेब. त्यांनी एकेका गाडीवर बसून पाहिलं, एकीच्या आरशात भांगही नीट केला आणि दुकानातली सगळ्यात धिप्पाड, लालभडक गाडी पसंत केली. "जड आहे साहेब, रुतेल," असं नर्सबाई म्हणाल्या, तर "सिस्टर, जरा मोठा विचार करायला शिका," असा उपदेश त्यांना ऐकावा लागला.

"टायरचं नंतर बघू," दुकानदार म्हणाला. "आधी सांगा, चिखलाला तळ लागतो का? खाली जमीन टणक आहे, की नुसताच गाळ?"

साहेबांनी फाइल चाळली. फाइलमध्ये तळ कुठेच नव्हता.

नर्सबाईंनी वाकून गुडघ्याला हात लावला. "इथपर्यंत चिखल. खाली टणक लागतं."

"मोजलंय कुणी?" साहेबांनी विचारलं.

"मी रोज त्यातूनच जाते."

दुकानदाराने मागून एक उंच, अरुंद टायर घरंगळत आणला. त्याचे रबरी दात दोन-दोन बोटं उंच होते आणि मध्ये मोकळ्या फटी होत्या. "मग हाच घ्या. हा चिखल कापत जातो आणि खाली टेकतो. फटीत चिखल भरला की चाक फिरताना तो फेकून देतो, दात परत मोकळे."

"फेकून देतो म्हणजे कुठे?"

"मागे."

"अहो, मागे मंडळाचे अध्यक्ष बसणार आहेत!"

"मागे पेशंट बसणार आहे," नर्सबाई म्हणाल्या.

"ते नंतर. उद्घाटनाला अध्यक्ष बसणार. फोटोग्राफर सांगून ठेवलेत." साहेब कोपऱ्यातल्या रुंद, बारीक नक्षीच्या टायरपाशी गेले आणि त्याला मायेने थोपटू लागले. "हा कसा आहे?"

"चांगला आहे. डांबरी रस्त्यावर," दुकानदार म्हणाला. "साहेब, जो टायर चिखल फेकत नाही तो धरून बसतो. दहा पावलांत त्याचा गुळगुळीत गोळा होतो, मग चाक जागच्या जागी फिरतं. एवढीच अडचण असेल तर मोठे मडगार्ड लावून देतो."

"नको, लुक जातो."

नर्सबाईंनी आजवर हातांनी काय काय उपसलं होतं. रक्त, पू, ओकाऱ्या, किडे पडलेल्या जखमा. कशाची म्हणून शिसारी आली नव्हती. इथे, या पुसूनपुसून लख्ख केलेल्या दुकानात, त्या टायरवरून फिरणारा साहेबांचा तो गुबगुबीत हात बघून मात्र ती आली.

"साहेब, मागच्या महिन्यात एका बाळंतिणीला चालत आणत होतो. चिखलातच बसली ती. मूल माझ्या हातात गेलं. केंद्राचं छप्पर दिसत होतं तिथून."

"वाचलाय मी तो रिपोर्ट. फार वाईट झालं," साहेब म्हणाले. त्यांच्या बुटाला कसलासा डाग दिसत होता, तो त्यांनी रुमालाने पुसला. "म्हणून तर गाडी घेतोय ना आपण! या, इथे सही करा. पसंतीपत्रावर वापरणाऱ्याची सही लागते."

"हे टायर मला पसंत नाहीत."

"मग नका करू. मंजुरी या महिनाअखेरपर्यंत आहे. नंतर चालत जा, आम्ही कुठे अडवलंय?"

नर्सबाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. वस्त्यांपासून केंद्र दोन तासांच्या वाटेवर. त्यातला केंद्राजवळचा चिखल अर्ध्या तासाचा, बाकी कोरडा रस्ता. एकदा ओढूनताढून पलीकडे नेली की कोरड्यात तरी ही लाल म्हैस धावेल. तासभर तरी वाचेल. तासाभरात काय काय वाचतं हे त्यांना ठाऊक होतं आणि साहेबांना नव्हतं, म्हणून तर ते असं निवांत बोलू शकत होते. त्यांनी सही केली आणि पेन टाकून दिलं. पेन साहेबांचं होतं. ते हातात ठेववेना.

मग त्या दुकानदाराकडे वळल्या.

"मागे पेशंटला आडवं करता येईल अशी फळी बसवून द्याल?"

"देतो की ताई. नटबोल्ट आवळून एकदम पक्की करतो."

"पक्की नको. एका झटक्यात निघाली पाहिजे. आणि चार कोपऱ्यांना चार मुठी लावा."

"मुठी कशाला आता?" साहेबांनी फाइल मिटता मिटता विचारलं.

"गाडी रुतल्यावर पेशंट उचलून न्यायला."

दुकानदाराने ऑर्डरच्या वहीत फळी लिहिली, तिच्यापुढे चार मुठी लिहिल्या, आणि चारचा आकडा खोडला.

"सहा लावतो, ताई," तो हळूच म्हणाला. "गुडघाभर चिखलात चौघांना नाही झेपत."