चुलवाणाजवळचा माणूस

विद्याश्रीचं बोट चौथ्या माणसावर येऊन थांबलं. "आणि हे कोण, आजी?"

फोटो गुऱ्हाळाचा होता, साठेक वर्षांमागचा, कुणा हौशी माणसानं जुन्या काचेच्या प्लेटवर टिपलेला. शहाण्णव साली राजारामपुरीत जुन्या कामधंद्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. फोटोतली माणसं ओळखून घ्यायला विद्याश्री मंगळवार पेठेत, त्या गुऱ्हाळावर एकेकाळी येणंजाणं असलेल्या गौराबाईंच्या खोलीवर आली होती. तिघे म्हातारीनं झटक्यात ओळखले. काहिल ढवळणारा गुंडू, मळी काढणारा आकाराम, चिपाडं वाहणारा कृष्णात. तिघंही कॅमेऱ्याकडं डोळे वटारून, श्वास रोखून उभे. चौथा चुलवाणाजवळ जाळ घालत बसलेला. त्याचं लक्ष मात्र भलतीकडंच होतं.

गौराबाईंनी पदर सारखा केला. मान खाली घातली. "हे व्हय," म्हणून गालातल्या गालात हसल्या आणि वाट बघत राहिल्या.

एवढ्यावर पेठेतली कुठलीही बाई समजली असती. नाव घ्या, नाव घ्या म्हणून मागं लागली असती. बायकोनं नवऱ्याचं नाव तसं घ्यायचं नसतं, उखाण्यात तेवढं चालतं. पण विधवेला उखाणा कोण विचारणार? हळदीकुंकवाचं बोलावणंच येत नाही. मालक गेल्यापासून आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, आणि म्हातारीला ते फार गोड वाटलं होतं.

विद्याश्री आजकालची पोर. होणाऱ्या नवऱ्याला खुशाल अरेतुरे करणारी. तिला वाटलं, वयामुळं आठवत नसेल. राहू दे आजी, असं ती मायेनं म्हणाली आणि फोटो पिशवीत घातला.

प्रदर्शनाच्या दिवशी गौराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून सिटी बसनं राजारामपुरीत उतरल्या. फोटो आता चांगला दाराएवढा केला होता. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारी उभ्या असलेल्या पावण्याला त्यांनी खालची ओळ वाचायला लावली. तीन नावं बरोबर होती. चौथ्याच्या जागी होतं, 'अनोळखी कामगार'.

गौराबाईंना पोर ना बाळ. धाकटा दीर गेला, गल्लीतले सोबती गेले. दारात येऊन मालकांना नावानं हाक मारणारं एकेक माणूस संपलं. ते नाव आता फक्त त्यांच्यापाशी उरलं होतं, आणि त्यांच्याच तोंडाला कुलूप होतं. त्या मेल्या की मालक खरोखरच अनोळखी होणार होते.

विद्याश्री पलीकडं कुणाला तरी फोटो समजावून सांगत होती. तिला दंडाला धरून त्यांनी फोटोपुढं आणलं.

"हे माझं मालक हायत. तिकडनं मी भाकरी घिऊन याय लागलेली. म्हणून तिकडं बघाय लागल्यात."

विद्याश्रीचा चेहरा उतरला. तिनं माफी मागितली, पेन काढलं आणि नाव विचारलं.

गौराबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. पुन्हा जीव गोळा केला तेव्हा कुठं फुटला.

"चनबसाप्पा."

म्हणताना नव्या नवरीसारख्या कानाच्या पाळ्या तापल्या. विद्याश्रीनं 'अनोळखी कामगार' खोडलं, वर ठळक अक्षरांत नाव लिहिलं, आणि बरोबर आहे का म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं.

"चनबसाप्पा."

गौराबाईंचा हात आपसूक डोक्यावरच्या पदराकडं गेला, मालक घरात आले की जायचा तसा. त्या वळल्या आणि हॉलच्या दाराकडं बघत राहिल्या. दारात कुणीच नव्हतं.

मग हळूच म्हणाल्या, "आनि एकदा मार की हाक, बाळ."