कॅमेरा दिसणार नाही अशी पिशवी

“ही नगं,” निंगप्पा म्हणाला. “हिच्यावर कॅमेऱ्याचं चित्र हाय की.”

“कॅमेऱ्याच्या पिशवीवर कॅमेऱ्याचंच असणार, मामा. वांग्याचं असतंय व्हय?” भुवनेश्वरीने पिशवी परत खुंटीला अडकवली आणि दुसरी काढली.

भवानी पेठेतल्या तिच्या पिशव्यांच्या दुकानात सकाळपासून दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, आणि या एकाने अर्धा तास खाल्ला होता. काळी नको, लांबून ओळखू येते. चेनची नको, चेन वाजते. मोठी तर नकोच. कॅमेरा टॉवेलात गुंडाळून काउंटरवर ठेवलेला. जुना, रोलचा, तळहातावर मावेल एवढा.

एरवी तिने असल्या गिऱ्हाइकाला केव्हाच वाटेला लावलं असतं. पण या आठवड्यात ती खुशीत होती. सोमवारी तिचे रिपोर्ट आले होते. नवऱ्याने, सोमशेखरने, ते स्वतः जाऊन आणले. नुसतं रक्त कमी निघालं, गोळ्या घे म्हणाला. तेव्हापासून गडी सकाळचा चहासुद्धा आपल्या हाताने करत होता. आज अक्कलकोटला माल पोचवायला निघताना तर म्हणाला, हिरवी इरकल नेस, तुला शोभते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! हे रक्त आधीच कमी व्हायला हवं होतं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

“चोराची भीती हाय का, मामा?”

“चोराची न्हाय. आत कॅमेरा हाय ते कळायला नगं.”

“कुणाला?”

विचारता विचारताच तिला अंदाज आला. निंगप्पाला पेठेत कोण ओळखत नव्हतं? त्यांच्या लिंगायत समाजात माणूस गेलं की त्याला अंघोळ घालून, भस्म लावून, फुलांनी सजवून बसवतात, आणि समाधीला नेण्याआधी घरचे सगळे भोवती बसून फोटो काढून घेतात. तो शेवटचा फोटो चाळीस वर्षं निंगप्पाच काढत आला होता. खांद्याला काळी बॅग लावून तो गल्लीत शिरला की बायका दारातूनच विचारत, कुणाचं झालं? लग्नाबारशाला त्याला कोणी बोलावत नसे.

“ह्या खेपेला माणूस जित्तं हाय, अक्का,” शेवटी तो म्हणाला. “हिंडतंय, फिरतंय, बोलतंय. पर डॉक्टरनं थोडंच दिवस सांगितल्यात. त्या माणसाला ठावं न्हाय. घरच्यांनी कळू दिलं न्हाय.”

“आन फोटो?”

“हसताना एक पायजे म्हणत्यात. मोबाईल पुढं केला की तोंड फिरवतंय म्हणं.”

“माझंबी तसंच हाय बघा. पर त्यानं तुमाला कॅमेऱ्यासंगं बघितलं तर?”

“तर हाय खाईल. हसायचं तर लांबच.” निंगप्पाने टॉवेलाची घडी उगीचच सारखी केली. “चाळीस वर्सं तोंडं बघतोय, अक्का. माझ्या कॅमेऱ्याकडं बघून अजून कुणी हसलं न्हाय.”

भुवनेश्वरीला गलबलून आलं. आपण मघापासून या माणसावर मनातल्या मनात चिडत होतो, याची तिला लाज वाटली. कोण कुठलं ते माणूस, पण आता त्याचा हसरा फोटो यायलाच हवा, असं तिने घेतलं मनावर.

तिने खालच्या फळीवरून पानाच्या चंचीसारखी एक लहान पिशवी काढली. चौकड्यांच्या कापडाची, नाडीची. आजोबा लोक सुपारी-चुना ठेवतात तसली. कॅमेरा आत बरोबर बसला. मग तिने कात्री घेतली, भिंगासमोर गोल कापलं, कडेने टीप मारली आणि वरून कापडाची एक झालर सोडली. बोटाने झालर बाजूला केली की भिंग मोकळं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, मामा पान काढतायत. आतून जाड फलाणीन लावली, म्हणजे खटका दाबल्याचा आवाज दबेल.

एवढं करून ती दमली. कपाळाचा घाम पुसून म्हणाली, “बघू, ऐकू येतंय का. मी पेशंट हुते.”

“तुमी नगा, अक्का.”

“का? मला काय धाड भरलीय?”

ती दारातल्या उजेडात स्टुलावर जाऊन बसली. पदर सावरला, मान एका बाजूला टाकली आणि कण्हायला लागली. “आई आई गं... डॉक्टरसाहेब, वाचते का हो मी?”

निंगप्पाचा चेहरा असा काही लांब झाला की तिला राहवेना. ती खदखदून हसली, तोंडावर हात न घेता, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“अवो मामा, दाबा की!”

“दाबलं.”

“आँ? मला कायबी ऐकू आलं न्हाय!” तिने टाळी वाजवली. “जमलं बघा. पर हात लई कापतोय तुमचा. पेशंटपुढं असा कापला तर फोटो हालंल.”

“न्हाय हालणार,” निंगप्पा म्हणाला.

तिने पैसे घेतले नाहीत. असल्या कामाचे कसले पैसे? निंगप्पाने पिशवी गळ्यात अडकवली, जाता जाता तिला हात जोडले आणि मागे न बघता निघाला. वडीलधाऱ्या माणसाने असे हात जोडलेले तिला आवडले नाहीत.

तो गेल्यावर तिला वाटलं, आपण एवढी खटपट केली, तर तो फोटो एकदा बघायला तरी मिळावा. ती लगबगीने पायरीवर आली.

“मामा, फोटो चांगला आला तर मलाबी—”

कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी निंगप्पा थांबला होता. त्याच्यासमोर अक्कलकोटला गेलेला सोमशेखर उभा होता. त्याने निंगप्पाचे दोन्ही हात धरून काहीतरी विचारलं. निंगप्पाने मान डोलावली, आणि सोमशेखर गिरणीच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला.