व्यवसायाचा रकाना

"गृहिणीला दगडाच्या धुळीचा आजार कुठून होईल, मॅडम?" एक्स-रे सेंटरचा व्यवस्थापक इंद्रजीत स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला. "व्यवसायाचा रकाना वाचा ना. जुना टीबी लिहून टाका."

डॉ. सावनीने एक्स-रे पुन्हा मोठा केला. फुफ्फुसांच्या वरच्या भागात दाणे विखुरलेले. मुळाशी गाठी, आणि गाठींच्या कडा अंड्याच्या टरफलासारख्या पांढऱ्या. टीबीचं औषध बाईंनी दोनदा पुरं केलं होतं. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते.

ती उठून बाहेर गेली. बाकावर मनकर्णाबाई तोंडाला पदर लावून खोकत होत्या.

"मावशी, काम काय करता तुम्ही?"

"खडी क्रशरवर हाय की. अकरा वर्सं झाली. लासूरकडची हीर आटली तवा आलो, आता ह्यो दुसरा दुष्काळ चाललाय." त्यांनी दम घेतला. "मुकुंदवाडीच्या ह्या नव्या बिल्डिंगा काय हवेवर उभ्या राहिल्या व्हय?"

"मग इथं गृहिणी कुणी लिहिलं?"

"तुमच्या खिडकीतल्यानं. लुगडं बघितलं अन् लिव्हलं. मला कुणी इचारलंच नाय."

सावनी परत येऊन खुर्चीत बसली. जुना टीबी लिहिला, तर बाई तिसऱ्यांदा त्याच गोळ्या गिळून त्याच धुळीत उभ्या राहणार होत्या. तिने निदान टाइप केलं: सिलिकोसिस. धुळीचं काम ताबडतोब थांबवावं.

बाहेरचं बोलणं दारातून ऐकलेल्या इंद्रजीतने आवाज खाली आणला. "क्रशर आप्पासाहेबांचा आहे. त्यांचे सगळे कामगार तपासणीला आपल्याकडे येतात. ते जाब विचारतील."

"विचारू द्या. रिपोर्टखाली सही माझी आहे."

तिने व्यवसायाचा रकाना उघडला. 'गृहिणी' खोडलं, 'खडी क्रशर कामगार, अकरा वर्षं' लिहिलं. स्क्रीनवर लाल चौकट आली. बदलाचं कारण दिल्याशिवाय नोंद जतन होणार नव्हती.

"टायपिंगची चूक म्हणा," इंद्रजीत घाईने म्हणाला. "यादीत पहिलंच कारण आहे ते. कुणावर काही यायला नको."

सावनी यादीच्या तळाशी गेली. 'इतर' निवडलं आणि समोरच्या कोऱ्या जागेत लिहिलं:

बाईंना विचारलं.