घरबदल

एक्क्याण्णव साली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आख्ख्या नौपाड्यात फक्त आमच्याकडे होती. पाणी मालूच्या माहेराहून, उत्तनहून, कॅन भरभरून यायचं. तिच्या भावाने दिलेले शंखात राहणारे खेकडे आता चांगले वाढलेले, त्यांना शंख पुरेनात. म्हणून त्या रविवारी दुपारी मी टाकीत एक मोठा रिकामा शंख सोडला.

बघता बघता रांग लागली. सगळ्यात मोठा खेकडा रिकाम्या शंखापाशी, त्याला मागून धरून त्याहून लहान, असं करत पार चिमुकल्यापर्यंत.

"मालू, लवकर ये. मोठा नव्या घरात शिरला की त्याचं जुनं मागचा घेणार, मागच्याचं त्याच्या मागचा. सगळे एकदम घरं बदलणार बघ."

मालू पदराला हात पुसत आली. मोठा खेकडा शंखाच्या तोंडाभोवती नांगी फिरवून माप घेत होता. खर्र, खर्र. मी नाचायचा तेवढा बाकी होतो.

"ऐकतेस ना? काचेतूनसुद्धा आवाज येतोय."

"अहो," मालू हळूच म्हणाली, "टाकीतून नाही येत तो."

मी काचेला कान लावला. आत शांत होतं.

आवाज आमच्या दारातून येत होता. बाहेरून कुणीतरी चौकटीवर हात फिरवत होतं, आधी वरून, मग दोन्ही बाजूंनी, सावकाश. त्याच्यामागे जिन्यावर पावलं एकेक पायरी वर सरकली. आधी जड, मग हलकी, शेवटी अगदी लहान मुलाची. सगळी एकदम थांबली.

टाकीत मोठ्या खेकड्याने आपला शंख सोडला.