मोकळी जागा

विषमतेवरच्या पोस्टरसाठी तिने मधोमध एकच गब्बर साहेब ऐसपैस बसवला, त्याच्याभोवती भरपूर मोकळी जागा सोडली आणि बाकीची सगळी माणसं खालच्या कोपऱ्यात दाटीवाटीने कोंबली. कोपऱ्यातले चेहरे आपल्याच गल्लीतले घेतले, अगदी शिवणयंत्रावर वाकलेल्या आईसकट.

पोस्टर करून घेणाऱ्या संस्थेचे सचिव बेहद्द खूश झाले. "काळजाला भिडतं हो! फक्त आमच्या देणगीदारांचे फोटो तेवढे बसवा."

"साहेबाच्या बाजूला लावते. तिथे जागाच जागा आहे."

"छे छे, त्या मोकळ्या जागेला हात लावू नका, तिच्यामुळेच तर पोस्टर उठून दिसतंय. कोपऱ्यातली माणसं काढा की! एवढ्या गर्दीत कोण कुणाला ओळखतंय?"

पहिलंच मोठं काम होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. घरी येऊन ती कॉम्प्युटरवर एकेक चेहरा पुसत गेली. आईचा सगळ्यात शेवटी पुसला. देणगीदार कोपऱ्यात हसतमुखाने बसले.

 

मागे शिवणयंत्र थांबलं. चष्मा पुसत आई जवळ आली. "झालं का गं चित्र? बघू, मी कुठेय त्यात?"